समोरच्या टीमची लाईट गेली तर? ऑनलाइन सामने नीट कसे खेळावेत

जुलैतली रात्र होती. बीजीएमआय या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेमवर आमची आणि खाडीपलीकडच्या गावाची टीडीएम, म्हणजे टीम विरुद्ध टीम मॅच, लागलेली. 4 विरुद्ध 4, आधी 40 किल करेल ती टीम जिंकली. मासेमारी बंद असल्यामुळे दोन्हीकडची पोरं घरीच होती आणि दोन दिवस ग्रुपवर याच मॅचचा विषय चालला होता. ते 33 वर, आम्ही 31 वर. आणि एकदम त्यांचे दोन प्लेअर खांबासारखे उभे राहिले.

कोकणात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाहेर वारा घोंघावत होता. त्यांच्याकडची लाईट गेली हे आम्हा चौघांनाही कळलं होतं. तरी आम्ही मारत राहिलो. ते मेले की पुन्हा त्याच जागी उभे राहायचे, आम्ही पुन्हा मारायचो. 40-34 ने जिंकलो आणि स्क्रीनशॉट लगेच ग्रुपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर त्यांच्यातला एक मुलगा भेटला. हातात दळणाचा डबा, अंगावर भिजलेला रेनकोट. म्हणाला, "ताई, तारेर माड पडलो काल. वायफाय गेला, मगे टॉवर पण गेलो." बस, एवढंच. तक्रार केली नाही, आवाज चढवला नाही. मला त्याच्याकडे बघवेना.

कबड्डीत समोरच्याचा गुडघा दुखावला तर ते सगळ्या मैदानाला दिसतं. फोनवर मात्र फक्त एक थिजलेली आकृती दिसते आणि तिला मारायचं की नाही हे आपल्यालाच ठरवावं लागतं. ऐन खेळात, अंगात जोर चढलेला असताना, ते नीट ठरत नाही. म्हणून ते आधी ठरवायचं. त्या मॅचनंतर आम्ही ज्या पद्धतीने खेळतो ती इथे लिहिते आहे.

पहिली पायरी: मॅचच्या आधी बोलून घ्या

रूम, म्हणजे फक्त आपल्या दोन टीमपुरती मॅच, कोण बनवणार, आयडी-पासवर्ड किती वाजता टाकणार, मॅप कोणता, कोणती हत्यारं चालणार नाहीत, हे दोन्ही टीमच्या कॅप्टननी ग्रुपवर लिहून ठेवावं. फोनवरचं बोलणं नंतर ज्याला जसं आठवतं तसं आठवतं. पावसाळ्यात यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे नेटवर्क. या मोबाईल गेममध्ये चालू मॅच मधेच थांबवायची सोय नसते, त्यामुळे नियम साधाच हवा. आमचा असा आहे: कुणीही 20 किल गाठायच्या आत एखाद्या टीमचा प्लेअर नेटवर्कमुळे गेला, तर मॅच सोडायची आणि पहिल्यापासून खेळायची. 20 च्या पुढे गेला, तर समोरची टीम आपला एक प्लेअर बाजूला बसवते. तो परत आला की दोघेही परत. उभ्या राहिलेल्या प्लेअरवर गोळी नाही. ही सवलत एका टीमला एका मॅचमध्ये एकदाच, म्हणजे हरायला लागल्यावर कुणी मुद्दाम डेटा बंद करणार नाही.

वेळ ठरवताना समोरच्याच्या घरचाही विचार करा. गणपतीत चाकरमानी आले की एका वायफायवर पंधरा फोन असतात आणि संध्याकाळी घरोघरी आरत्या चालू असतात. त्या वेळेची मॅच लावून समोरचा आला नाही म्हणून वॉकओव्हर मागू नका.

दुसरी पायरी: माईक चालू करण्याआधी

खेचाखेची चालते, किंबहुना ती हवीच. तिच्याशिवाय मजा नाही. पण ती खेळाबद्दल असावी. "काय रे, ग्रेनेड मला टाकलास की माडाला?" हे चालतं. आईबहिणीवरून, जातीवरून, गावावरून, कुणाच्या बोलण्याच्या हेलावरून काही बोललं की तो खेळ राहत नाही.

मी स्वतः अनोळखी लॉबीत, म्हणजे गेमने जमवलेल्या अनोळखी खेळाडूंच्या गटात, बरीच वर्षं माईक बंद ठेवून खेळले. मुलीचा आवाज ऐकू आला की खेळाचं बोलणं थांबतं आणि भलतंच सुरू होतं. त्या वेळी लॉबीत आणखी तीन जण असतात आणि ते गप्प बसतात. माझी त्या तिघांना विनंती आहे: "भावा, खेळावर बोल" एवढं एक वाक्य म्हणा. आपल्याच टीममेटने म्हटलं तर ते लागतं. समोरचा ऐकतच नसेल तर त्याला म्यूट करा, रिपोर्ट करा आणि पुढे खेळा. उत्तराला उत्तर देत बसलात तर तुमचीच नजर मॅपवरून हटते.

घरातली लहान भावंडं मांडीला मांडी लावून स्क्रीन बघत असतात, हेही लक्षात असू द्या. आपल्या तोंडून जे निघतं ते दुसऱ्या दिवशी त्यांच्या तोंडात असतं.

तिसरी पायरी: खेळताना

मारलेल्या प्लेअरच्या जागी जी सामानाची पेटी उरते तिच्यावर उठाबशा काढू नका, नाचू नका. बघणाऱ्याला तो एक सेकंदाचा खेळ वाटतो, हरलेल्याला तो आठवडाभर आठवतो. समोरची टीम आपला खेळ इंटरनेटवर लाईव्ह दाखवत असेल तर त्यांचा स्ट्रीम उघडून त्यांची जागा बघू नका. दोन टीमनी आतून हातमिळवणी करून तिसरीला घेरणं, म्हणजे टीमिंग, ही तर उघड फसवणूक आहे.

बुद्धिबळ खेळणाऱ्यांसाठी वेगळं. हरतो आहोत हे दिसल्यावर घड्याळ चालू ठेवून फोन बाजूला ठेवणं ही तिथली सगळ्यात वाईट खोड. हरलात तर डाव सोडा. याउलट लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर प्रतिस्पर्ध्याच्या घड्याळात 15 सेकंद वाढवून द्यायचं बटण असतं. समोरच्याचं नेट अडखळतंय असं वाटलं की मी ते दाबते. जिंकायचं तर पटावर जिंकावं, त्याच्या राउटरवर नको.

चौथी पायरी: समोरचा हॅकर वाटतो तेव्हा

इथे थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण गावागावांतली भांडणं बहुतेक यावरूनच होतात. "मी भिंतीमागे गेलो होतो तरी मेलो, तो हॅकर आहे" ही तक्रार आपण रोज ऐकतो. पण पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, 200 मिलिसेकंदांच्या आसपास असेल, तर तुमची हालचाल सर्व्हरपर्यंत पोचायला आणि तिकडची खबर तुमच्यापर्यंत यायला वेळ लागतो. तुमच्या स्क्रीनवर तुम्ही भिंतीमागे पोचलेले असता, समोरच्याच्या स्क्रीनवर मात्र अजून उघड्यावर धावत असता. त्याने उघड्यावरच्या माणसाला गोळी मारली, यात त्याची काही चूक नाही. आपल्याकडे पावसात हे वारंवार होतं.

म्हणून आधी आपला पिंग बघा. मग मेल्यावर लगेच बाहेर न पडता त्याला स्पेक्टेट करा, म्हणजे त्याचा खेळ त्याच्या बाजूने बघा, दोन-तीन फाईट बघा. तरीही संशय राहिला तर गेममधूनच रिपोर्ट करा. गावच्या ग्रुपवर नाव टाकू नका. खोट्या आरोपाचा डाग सोळा वर्षांच्या मुलाला शाळेपर्यंत चिकटतो, आणि आरोप खोटा ठरल्यावर माफी मागायला कुणी ग्रुपवर येत नाही. मोठ्या बक्षिसाची मॅच असेल तर सगळ्यांनीच स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, असं आधीच ठरवा. सगळ्यांनीच, म्हणजे एकाला वेगळं काढल्यासारखं होत नाही.

पैशाची पैज मात्र अजिबात नको. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळल्या जाणाऱ्या गेमना, त्यापासून वेगळी मान्यता मिळाली. त्याहून मोठं कारण हे की पाचशे रुपये गेलेल्याला समोरचा चांगला खेळला असं दिसतच नाही.

पाचवी पायरी: मॅच संपल्यावर

"जीजी", म्हणजे "गुड गेम", लिहायची रीत जुनी आहे. स्टारक्राफ्ट हा कॉम्प्युटर गेम खेळणारे कोरियन खेळाडू हार मान्य करताना ती दोन अक्षरं टाईप करत, म्हणून ती आधी हरणाऱ्याने लिहायची असतात. जिंकणाऱ्याने घाई करून आधी लिहिली की टोमणा वाटतो. जिंकलात तर थोडं थांबा. हरलात तर नुसतं जीजी लिहून पळू नका, समोरच्याने नेमकं काय चांगलं केलं तेही लिहा. "तू कंटेनरवरून मारलेला तो शेवटचा स्प्रे कसा काढलास?" (स्प्रे म्हणजे गोळ्यांची सलग फैर) असं विचारलं की समोरचा हमखास शिकवतो. माझा रिकॉइल कंट्रोल, म्हणजे गोळी सुटताना उडणारी बंदूक आवरणं, असाच सुधारला.

स्क्रीनशॉट टाकायचा तर दोन्ही टीमची नावं दिसू देत आणि खाली हसण्याचे इमोजी नकोत.

आम्ही तो जुना स्क्रीनशॉट गिरणीवरून आल्यावर काढून टाकला आणि त्यांना लिहिलं, लाईट आली की पुन्हा खेळू. लाईट यायला तीन दिवस लागले. चौथ्या रात्री आम्ही 40-36 ने हरलो. आता गणपतीत चाकरमानी आले की आठ जणांच्या चिठ्ठ्या टाकतो आणि दोन्ही गावांची मिसळ करून टीम बनवतो. गिरणीवरचा तो मुलगा गेल्या वेळी माझ्या टीममध्ये निघाला. मागून कुणी येत असेल तर तो मला आधी ओरडून सांगायचा, मग स्वतः लपायचा.