मोठ्या एसयूव्हीचं ॲव्हरेज पडलं होतं, दोष निघाला ब्रेकमध्ये

लक्षण असं: ॲव्हरेज हळूहळू घसरलं, गाडी पूर्वीसारखी घरंगळेना आणि प्रवासानंतर पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा जास्त तापलेलं. एअर फिल्टर बदलला, टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे केली, इंजेक्टर क्लीनर टाकलं; फरक शून्य. फार वैताग आला.

कॅलिपरच्या (ब्रेक पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग) स्लाइड पिना, म्हणजे ज्यांवर तो मागेपुढे सरकतो त्या, जाम होत्या. त्यामुळे पॅड डिस्कला घासतच राहतो आणि जास्तीचं इंधन नुसतं चाक तापवण्यात जातं.

गाडी सपाट जागेवर घ्या, मागच्या चाकांना ठोकळे लावा, जॅक लावून खाली स्टँड द्या (नुसत्या जॅकवर अजिबात नको). चाक काढा. कॅलिपरचे बोल्ट काढून तो तारेने टांगा, ब्रेक ऑइलच्या नळीवर (होज) लोंबकळू देऊ नका. पिना ओढून ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा. गंजून खड्डे पडले असतील तर नव्या घ्या. फाटलेलं रबर बूटही बदला. ग्रीस ब्रेकसाठीचं सिलिकॉनचंच वापरा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. कॅलिपरमधला, पॅडला ढकलणारा पिस्टन हळूहळू मागे दाबा, ब्रेक ऑइल टाकीतून सांडत नाही ना बघा. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याचा ठरलेला जोर) आवळा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा.

आता चाक हाताने मोकळं फिरतं, ॲव्हरेज पूर्ववत आहे. पिस्टनच मागे जात नसेल, तर मात्र कॅलिपर खोलावा लागतो.