मिठात सायनाईड? आधी विचारा, ‘किती?’

कराडात आमचं मेडिकलचं दुकान आहे. मी काउंटरवर औषधं द्यायला बसते, पण बराच वेळ लोकांच्या फोनवर आलेले ‘हे खाल्लं तर मराल’ छापाचे मेसेज वाचण्यातच जातो. ‘ताई, हे खरं का हो?’ मेसेज कसा तपासायचा ते एकदाच लिहून ठेवते.

अशा मेसेजमध्ये रसायनाचं भयंकर नाव असतं, आकडा नसतो. म्हणून पहिला प्रश्न ‘किती?’

मिठाचंच घ्या. ‘मिठात सायनाईड’ हे २०१९ साली गाजलं आणि अजून फिरतंय. घरातली पुडी उलटी करा. बारीक अक्षरांत बहुतेक ५३६ हा आकडा सापडेल. ते पोटॅशियम फेरोसायनाईड. मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून घालतात. यातलं सायनाईड लोखंडाला इतकं घट्ट बांधलेलं असतं की पोटात जवळजवळ सुटतच नाही. आपल्याकडची सरकारी मर्यादा आहे किलोला १० मिलिग्रॅम. आता वही घ्या. माणूस दिवसाला १० ग्रॅम मीठ खातो असं धरा. म्हणजे पोटात गेलं फार तर ०.१ मिलिग्रॅम. जागतिक तज्ज्ञ समितीच्या हिशेबाने आयुष्यभर रोज चालेल असं प्रमाण वजनाच्या किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला दीड मिलिग्रॅम. तिथवर पोचायला दिवसाला १५० ग्रॅम, चांगलं वाटीभर मीठ खावं लागेल. तेवढं मीठ पोटात गेल्यावर सायनाईडची वाट बघायची गरजच उरणार नाही!

खरी काळजी त्या १० ग्रॅमचीच करा. जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. बीपीची गोळी घेऊन पापडावर ताव मारणारे माझ्याकडे कमी नाहीत. आणि घाबरून सैंधवाकडे वळणार असाल, तर त्यात आयोडीन आहे का ते पुडीवर बघा. नसेल तर घेऊ नका.

दुसरा प्रश्न ‘कॅन्सर’वाल्या मेसेजसाठी. ‘डब्ल्यूएचओने यादीत टाकलं’ असं लिहिलेलं असतं. कुठल्या गटात, ते विचारा. पुरावा किती पक्का आहे एवढंच तो गट सांगतो. धोका किती मोठा, ते नाही. मोबाईलच्या लहरी २०११ साली ‘२ बी’ गटात, म्हणजे ‘कदाचित कॅन्सर होऊ शकेल, पण पुरावा तोकडा’ या गटात गेल्या, आणि कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. म्हणजे मोबाईलला घाबरून सकाळी तो अर्क पिणाऱ्यांनी काय करायचं?

‘उभ्याने पाणी प्यायलं की गुडघे जातात’ यावर वही काढू नका. पाणी अन्ननलिकेतून जठरात जातं, गुडघा त्या वाटेवर नाही.

मात्र चालू असलेली गोळी बंद करायला सांगणारा मेसेज आला, तर हिशेबही नको आणि मीही नको. डॉक्टरांना विचारा, तोवर गोळी चालू ठेवा.

राहिला कुटुंबाचा ग्रुप. तिथे ‘मामा, हे खोटं आहे’ असं चारचौघांत लिहू नका. मामा चिडतात आणि हट्टाने तोच मेसेज आणखी दोन ग्रुपवर टाकतात. संध्याकाळी त्यांना फोन करा, मिठाची पुडी हातात घ्यायला सांगा आणि ५३६ त्यांनाच शोधू द्या. चष्मा घालून बसा म्हणावं, अक्षर फार बारीक असतं.