स्किड स्टीअर लोडरचे ॲक्सल सील: निगा आणि बदल

स्किड स्टीअर लोडर या बकेट लावलेल्या छोट्या यंत्राची पुढची चाके मोटारीसारखी वळत नाहीत. एका बाजूची दोन्ही चाके दुसऱ्या बाजूपेक्षा कमी-जास्त वेगाने किंवा उलट दिशेने फिरतात, यंत्र जमिनीवर घासत वळते आणि प्रत्येक वळणाचा आडवा ताण चाकावाटे ॲक्सलवर येतो. ॲक्सलच्या बाहेरच्या टोकाशी बसवलेले सील (रबरी कडेची कडी) या ताणाखाली चेनकेसमधील, म्हणजे चाके फिरवणाऱ्या चेनच्या बंद पेटीतील, तेल आत राखते आणि चिखल, रेती व पाणी बाहेर अडवते. सील गेल्यावर तेल तर जातेच, पण त्या वाटेने आत शिरलेली रेती बेअरिंग खाऊ लागते, आणि खरे नुकसान तिथे होते.

गळतीची पहिली खूण चाकाच्या आतल्या बाजूला दिसते. रिमवर आणि टायरच्या कडेवर धूळ तेलात भिजून काळा लगदा साचतो. तो दिसला की लगेच सील मागवू नये. आधी यंत्र सपाट जागेवर उभे करून चेनकेसच्या पातळीचा प्लग उघडावा. तेल कमी झालेले असेल तर सीलवर संशय घेणे योग्य आहे. पण प्लग उघडताच भरलेल्यापेक्षा जास्त तेल बाहेर आले, तर बहुधा ड्राइव्ह मोटरच्या (चाके फिरवणाऱ्या हायड्रॉलिक मोटरच्या) शाफ्टचे सील फुटलेले असते आणि हायड्रॉलिक तेल चेनकेसमध्ये उतरत असते. अशा यंत्रावर एकाच चाकाचे सील दोनदा बदलूनही गळती थांबली नसल्याचे मी पाहिले आहे. मोटरचे सील बदलेपर्यंत ॲक्सलच्या सीलवर केलेला खर्च वाया जातो. ब्रीदर (हवा ये-जा करण्याची वाट) असलेल्या चेनकेसमध्ये तो मातीने बुजला असला, तरी तापलेल्या हवेचा दाब तेल सीलमधून बाहेर ढकलतो, म्हणून ब्रीदरही तेव्हाच साफ करावा.

रोजच्या निगेत सर्वांत मोलाचे काम म्हणजे चाकामागे गुंडाळलेली सुतळी, तार आणि प्लास्टिक काढणे. फिरत्या ॲक्सलवर आवळत गेलेली सुतळी उष्णतेने कडक होऊन सीलच्या कडेखाली सरकते आणि लिप, म्हणजे शाफ्टला टेकून राहणारी सीलची रबरी कड, कापते. धुताना पाण्याचा जोरदार फवारा थेट सीलवर मारू नये, कारण तो चिखल लिपच्या आत ढकलतो.

बदलाच्या कामात सुरक्षितता आधी पाहावी. बकेट जमिनीवर टेकवावी. लिफ्ट आर्म वर ठेवणे भागच असेल, तर त्याचा लोखंडी आधार लावल्याशिवाय त्याच्याखाली जाऊ नये. इंजिन बंद करून किल्ली काढावी, व्हील नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि यंत्र जॅकवर न सोडता भक्कम स्टँडवर ठेवावे. नंतर तेल काढावे. ते दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. त्यात लोखंडी कीस असेल तर बेअरिंगही तपासावे लागेल. चाक काढण्यापूर्वी ते वर-खाली हलवून पाहावे; खटखट जाणवली, तर नुसते नवे सील फार दिवस टिकणार नाही.

बऱ्याच मॉडेलमध्ये हब आणि ॲक्सल एकसंध असतात. तिथे चेनकेसचे झाकण उघडून स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) सोडवावे लागते, चेन उतरवावी लागते आणि मग ॲक्सल बाहेर ओढावा लागतो. या वेळी शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) किती आणि कोणत्या क्रमाने होते, ते लिहून ठेवावे. जुने सील काढताना हाउसिंगच्या भिंतीवर ओरखडा उमटू देऊ नये. त्या ओरखड्यातून नव्या सीलच्या बाहेरून तेल झिरपते.

यानंतरच्या एका तपासणीवर कामाचे यश अवलंबून असते. ॲक्सलचा शाफ्ट पुसून स्वच्छ करावा आणि लिप जिथे फिरते, तिथे नख लांबीच्या दिशेने हलकेच ओढावे. नख अडले, तर तिथे चर पडलेला आहे. नवे सीलही त्याच चरात बसून गळेल, म्हणून शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी किंवा ॲक्सल बदलावा. नख अडत नसेल, पण नुसता गंज असेल, तर बारीक पॉलिश पेपर शाफ्टभोवती गोल फिरवून तो काढावा. लांबीच्या दिशेने घासू नये.

सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत असावी. लिपला तेल किंवा ग्रीस लावावे, कारण कोरडी लिप पहिल्या काही फेऱ्यांतच जळते. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान सपाट चकती ठेवून हातोडीने सगळीकडून सारखे ठोकावे; सील तिरपे गेले तर काढून नवे घ्यावे. ॲक्सल आत सारण्यापूर्वी त्याचे स्प्लाइन (टोकावरचे लांबट दाते) टेपने गुंडाळावेत, म्हणजे त्यांच्या धारदार कडा लिप कापणार नाहीत.

बेअरिंगचा ताण आणि बोल्टचा टॉर्क त्या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावा, अंदाजाने नव्हे. चेन चढवून तिचा ढिलेपणा पाहावा, झाकणाला नवे गॅस्केट किंवा सीलंट लावावे आणि प्लगच्या पातळीपर्यंत तेल भरावे. चाक लावून व्हील नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, काही तास काम झाल्यावर ते टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत आणि त्याच वेळी रिमच्या आतून कोरडी चिंधी फिरवून पाहावी.