पासपोर्टची मुदत: कुटुंबाची तिकिटं काढण्याआधीचा हिशोब

घरातले सगळे पासपोर्ट टेबलावर मांडा आणि एका कागदावर प्रत्येकाचं नाव, पासपोर्ट दिल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख लिहून काढा. हे काम तिकिटं शोधण्याच्या आधीचं. घोळ बहुधा मुलांच्या पासपोर्टमध्ये सापडतो. अनेक देशांत मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, मुलांचा मात्र पाचच वर्षांचा. आईबाबांच्या पासपोर्टला भरपूर मुदत आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात आणि धाकटीचा चार महिन्यांत संपणार असतो.

आता मुदत किती उरलेली लागते ते बघा. हे तुम्ही जिथे जाणार तो देश ठरवतो, आणि नियम तीन तऱ्हांचे दिसतात. ब्रिटन किंवा जपानसारख्या देशांना पासपोर्ट मुक्काम संपेपर्यंत चालू असला की पुरतो. युरोपातल्या शेंगेन गटातल्या (आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या) २९ देशांना तिथून निघण्याच्या तारखेनंतर निदान ३ महिने लागतात. सिंगापूर, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती अशा बऱ्याच ठिकाणी ६ महिने. मधलेही प्रकार आहेत: तुर्कस्तानात व्हिसावर दिलेला मुक्कामाचा काळ संपल्यानंतर आणखी ६० दिवस पासपोर्ट चालू असावा लागतो. अमेरिकेचा मूळ नियम मुक्कामानंतर ६ महिन्यांचा आहे, पण बऱ्याच देशांच्या नागरिकांना त्यातून सूट आहे. म्हणून नियम वाचताना आपल्या पासपोर्टच्या देशासाठी काय लिहिलंय तेच वाचा. शेजाऱ्यांना जमलं म्हणजे आपल्याला जमेलच असं नाही.

खरी मेख आहे ती सहा महिने कुठून मोजायचे यात. काही देश प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात (इंडोनेशिया त्यातला), काही परत निघण्याच्या तारखेपासून. समजा, २० डिसेंबरला पोहोचून ३ जानेवारीला निघायचंय आणि मुलाचा पासपोर्ट २५ जूनला संपतो. प्रवेशापासून मोजलं तर २० जूनपर्यंत मुदत हवी, म्हणजे पाच दिवस राखून पास. निघण्यापासून मोजलं तर ३ जुलै हवी, म्हणजे आठ दिवसांनी नापास. पासपोर्ट तोच, सहल तीच. नियमाचा शब्द मोघम वाटला तर परतीची तारीख धरूनच मोजा. परतीचं विमान चुकू शकतं, मुलं आजारी पडू शकतात, तेव्हा आणखी दोनेक आठवडे हाताशी ठेवलेले बरे.

शेंगेनला आणखी एक अट आहे आणि तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं: प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट दिल्याला दहा वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा. काही देश पूर्वी जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात जोडून देत. अशा पासपोर्टवर शेवटची तारीख पुढची दिसते, पण दहा वर्षं आधीच उलटलेली असतात. सुरुवातीच्या कागदावर पासपोर्ट दिल्याची तारीख लिहायची ती यासाठीच.

वाटेत विमान बदलणार असाल तर त्या देशाचा नियमही तपासा. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील, सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचं असेल किंवा दुसऱ्या विमानतळावर जायचं असेल, तर बहुधा त्या देशात रीतसर प्रवेशच करावा लागतो.

अडवणूक होते ती बहुतेक वेळा निघतानाच, चेक-इन काउंटरवर. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी विमान कंपनीवर पडते, अनेक ठिकाणी दंडही होतो. त्यामुळे काउंटरवरची व्यक्ती टिमॅटिक नावाच्या माहितीसाठ्यात नियम बघते आणि तिथे ‘नाही’ आलं की बोर्डिंग पास मिळत नाही. तिथे हुज्जत घालून तारीख बदलत नाही. एकाच मुलाला अडवलं तरी निदान एका पालकाला मागे राहावंच लागतं.

मुदत पुरेशी असली तरी पानं चाळा. व्हिसासाठीची एक-दोन पानं पूर्ण कोरी हवीत. शेंगेन व्हिसाला दोन लागतात. शेवटची शेरे लिहिण्याची पानं यात धरू नका. फोटोच्या पानाखाली ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात, त्या यंत्राने वाचायच्या. त्यावर पाणी सांडलं असेल, प्लास्टिक सुटलं असेल किंवा मुलाने पेन चालवला असेल तर मुदत असूनही पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो. पर्यटनस्थळी हौसेचे शिक्के मिळतात, ते वहीत मारून घ्या, पासपोर्टवर नको.

नवा पासपोर्ट काढायचा ठरला तर क्रम महत्त्वाचा: आधी पासपोर्ट, मग व्हिसा. नव्या पासपोर्टला सहसा नवा नंबर येतो, आणि अमेरिकेचा एस्टा किंवा कॅनडाचा ईटीए (व्हिसा न लागणाऱ्या प्रवाशांचे ऑनलाइन प्रवास-परवाने) हे जुन्या नंबराला जोडलेले असल्याने पुन्हा काढावे लागतात. तिकिटावर जुना नंबर भरला असेल तर तोही बदलून घ्या. उलट, अमेरिकेचा चालू व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत न्यायचे. व्हिसाचं पान कापून नव्यात चिकटवलं की तो व्हिसा बाद.

आणि मुलासोबत एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्या पालकाचं सहीचं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या सामानात गेलेला कागद इमिग्रेशनच्या खिडकीपाशी काही कामाचा नाही.