पाळी गेल्यावरची ‘उन्हाळी’: या चुका टाळा

लघवीला जळजळ झाली की घरातलं निदान ठरलेलं: उन्हाळी लागली. दोन दिवस धन्या-जिऱ्याचं पाणी, मग मेडिकलमधून पाच गोळ्या. पाळी जायच्या सुमारास हा खाक्या अंगाशी येतो.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे गोळी आधी, कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) नंतर. मेडिकलवाला नॉरफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक देतो. दोन गोळ्यांत बरं वाटतं, उरलेल्या ‘पुढच्या वेळेला’ म्हणून डब्यात जातात. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. आता डॉक्टर कल्चर सांगतात, पण बाई डब्यातली गोळी घेऊनच लॅब गाठतात. रिपोर्ट येतो ‘नो ग्रोथ’, म्हणजे जंतू वाढलेच नाहीत, आणि पुढचं औषध अंदाजाने दिलं जातं. हा संसर्ग बहुतेकदा ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूंचा, आणि आपल्याकडचे त्यातले बरेच नॉरफ्लॉक्सासिनच्या गटातल्या गोळ्यांना जुमानतच नाहीत. म्हणून आधी नमुना: जागा साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडा, मधली धार निर्जंतुक डबीत घ्या. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, नाहीतर डबी फ्रिजमध्ये ठेवा. औषध डॉक्टर ठरवतील, बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिन ३ ग्रॅम एकदाच. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधीच सांगा.

दुसरी चूक, फक्त जंतूंच्या मागे लागणं. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटलं की योनीचं अस्तर पातळ होतं, लॅक्टोबॅसिलस हे तिथले चांगले जंतू कमी होतात, आम्लता जाते आणि आतड्यातले जंतू तिथे बस्तान बसवतात. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर योनीत लावायच्या इस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) क्रीमबद्दल विचारा. साधारण दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ‘हार्मोन’ शब्दाला घाबरून, नाहीतर पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून ट्यूब फेकणाऱ्या पुष्कळ. अहो, अस्तर सुधारायला दोन-तीन महिने लागतात! रक्तात ते फार थोडं उतरतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको.

कोरडेपणानेही जळजळते, त्यामुळे कल्चर स्वच्छ असेल तर अँटिबायोटिक नको. उलट, जंतू सापडले पण त्रास काहीच नाही, तरी सहसा औषध लागत नाही.

सुगंधी वॉश बंद. सायट्रेटचं सिरप जळजळ कमी करतं, जंतू मारत नाही.

थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि संसर्ग बरा होऊनही लघवीत रक्त दिसत राहिलं, तर ते उन्हाळीच्या खात्यावर टाकू नका, सोनोग्राफी आणि गरजेनुसार सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणं) करून घ्या.