यवतेश्वर घाटात चाक जागेवर फिरत होतं: माझा अनुभव

साताऱ्याहून कासला चढताना ओल्या वळणावर पुढचं आतलं चाक सुटायचं, गाडीचा जोर कमी व्हायचा. ट्रॅक्शनचा (चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा आधी नीट बघा. लुकलुकला तर यंत्रणा काम करतेय, पकड टायरची गेलीय. सतत जळत राहिला तर यंत्रणा बटणाने बंद केलेली नाही ना ते बघा; नसेल तर बिघाड बहुतेक सेन्सरचा किंवा वायरिंगचा. इथे दोन्ही होतं.

गार टायरमध्ये हवा ४० पीएसआय निघाली. दाराच्या खांबावरचं स्टिकर ३३ सांगतं. जादा हवेने टायर मधोमध फुगतो, तिथेच झिजतो. नक्षीची खोली मधोमध २ मिलिमीटर, कडेला ४. कायद्याची मर्यादा १.६ आहे, पण पावसाळी घाटात ३ च्या खाली गेलेला टायर ठेवूच नका. नवी जोडी मागे टाकली, मागचे चांगले टायर पुढे घेतले. मागची पकड कमी राहिली तर ओल्या वळणावर गाडीची शेपूट गर्रकन फिरते आणि ती सावरणं फार अवघड.

गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरने पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर (चाकाचा वेग मोजणारा) दाखवला. लगेच नवा घेऊ नका! गाडी जॅकवर, खाली स्टँड, चाक काढून सेन्सरचा एकच बोल्ट सोडवला. टोकाला लाल चिखल आणि लोखंडाचा बारीक कीस मिशीसारखा चिकटलेला. पकडीने ओढू नका, प्लास्टिक तुटतं. हाताने हलवत काढा. कापडाने पुसला, बसायची जागा साफ केली, कनेक्टर कोरडा केला, कोड पुसला. दिवा परत लागला नाही.