थायरॉईड कमी असला की अंग का दुखतं, आणि त्याचं काय करायचं

थायरॉईड म्हटलं की लोकांना वजन आणि केस गळणं एवढंच आठवतं. पण थायरॉईड कमी पडलेल्या बऱ्याच जणांची मुख्य तक्रार अंगदुखीची असते आणि नेमकी तीच कोणी मनावर घेत नाही. वय झालं, बसून काम आहे, झोप नीट नाही, असं म्हणून विषय संपतो. त्यात डॉक्टरांकडे गेल्यावर आपण सांगतो काय तर "सगळं अंग दुखतं". आता या वाक्यावरून कोण काय शोधणार?

म्हणून आधी दुखणं नीट बघायला शिका. थायरॉईडची अंगदुखी बहुतेक वेळा धडाच्या जवळच्या मोठ्या स्नायूंत असते, म्हणजे मांड्या, कुल्ले, खांदे, दंड. जिना चढताना मांड्या भरून येतात, जमिनीवरून उठताना कशाला तरी धरावं लागतं, केस विंचरताना हात वर ठेवून ठेवून गळून जातो. सोबत रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, सकाळी अंग आखडलेलं असतं, आणि थंडीत सगळंच जास्त. दोन्ही बाजूंना साधारण सारखंच होतं हे लक्षात ठेवा. एकाच गुडघ्यात किंवा एकाच खांद्यात दुखत असेल तर कारण तिथलंच असायची शक्यता जास्त, फक्त थायरॉईडवाल्यांचा खांदा आखडायचं, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, त्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं.

घरी करून बघण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. हात नसलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीत बसा, दोन्ही हात छातीवर घडी घालून ठेवा आणि हात न टेकता उठा, परत बसा, असं पाच वेळा. (तोल जात असेल तर एकट्याने करू नका, कोणीतरी जवळ असू द्या.) उठताना पुढे झोकावं लागतंय का, तिसऱ्या-चौथ्या वेळी मांड्या थरथरतात का ते बघा आणि किती सेकंद लागले ते तारखेसकट लिहून ठेवा. यावरून निदान होत नाही, पण "अंग दुखतं" ऐवजी "हात न टेकता खुर्चीतून उठता येत नाही, आधी येत होतं" असं सांगितलं की समोरचा डॉक्टर सरळ बसून ऐकतो. शिवाय उपचार सुरू झाल्यावर फरक पडतोय की नाही हे कळायला हीच नोंद कामाला येते.

हाताला मुंग्या येत असतील तर तेही सांगा. थायरॉईड कमी असला की मनगटात सूज धरते आणि तिथून जाणारी नस दाबली जाते, मग अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत रात्री मुंग्या येतात, माणूस झोपेतून उठून हात झटकतो. दोन्ही हातांचे मागचे भाग एकमेकांना टेकवून, बोटं खाली करून एक मिनिट धरा, मुंग्या वाढल्या तर तसं लिहा.

आणि अंगदुखी एकटी येत नाही, आजूबाजूला बघा. इतरांना ठीक वाटतं तेव्हा तुम्हाला थंडी वाजते का, बद्धकोष्ठता, कोरडी खरखरीत त्वचा, आवाज बसल्यासारखा, सकाळी डोळ्यांखाली सूज, पाळीत जास्त रक्त जाणं, नाडी संथ. यातलं एखादं कोणालाही असतं, चार-पाच एकत्र असतील तर टेस्ट करायला उशीर करू नका.

टेस्ट म्हणजे रक्तातला टीएसएच आणि फ्री टी४, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन. इथे हमखास गोंधळ होतो, टीएसएच वाढलेला दिसला की लोक म्हणतात थायरॉईड वाढला, पण टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येणारा हुकूम आहे, थायरॉईड कामात कमी पडला की हुकूम जोरात सुटतो, म्हणून टीएसएच वाढला म्हणजे सहसा थायरॉईड कमी. टीएसएचची साधारण ०.४ ते ४ ही रेंज असते, लॅबनुसार थोडा फरक असतो. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर टेस्टच्या निदान दोन दिवस आधी बंद करा, कारण त्याने काही लॅबमध्ये रिपोर्ट चुकीचा येतो.

स्नायूंचा त्रास जास्त असेल तर डॉक्टर सीपीके सांगतील, म्हणजे स्नायूंना त्रास झाला की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमची टेस्ट. थायरॉईड कमी असताना ते बऱ्याचदा वाढलेलं असतं, पण त्याच्या आधीचे काही दिवस जड व्यायाम किंवा दंडात-कमरेत इंजेक्शन झालं असेल तरी वाढतं, तेव्हा ते आधीच सांगा. लिव्हरच्या टेस्टमध्ये बघतात ते एसजीओटीही स्नायूंतून येऊ शकतं, त्यामुळे नुसतं ते वाढलेलं बघून लिव्हर बिघडलं म्हणून घाबरून जाऊ नका, डॉक्टरांना विचारा. तपासताना डॉक्टर घोट्यामागे हातोडी मारतात ना, तेव्हा लक्ष देऊन बघा, थायरॉईड कमी असला तर बऱ्याचदा पाऊल झटक्यात खाली जातं पण परत येताना रेंगाळतं. तुमचे स्नायू आकसतात आणि सुटायला वेळ घेतात, ते असं डोळ्याला दिसतं.

ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. थायरॉईड कमी असला की कोलेस्टेरॉल वाढतं, मग ते कमी करणारी स्टॅटिनची गोळी सुरू होते, आणि उपचार न झालेल्या थायरॉईडमध्ये स्टॅटिनने स्नायूंना त्रास व्हायचा धोका जास्त असतो. म्हणून स्टॅटिन सुरू झाल्यावर अंगदुखी वाढली असेल तर टीएसएच झालाय का ते विचारा, पण गोळी मनाने बंद करू नका.

आता औषध. अंगदुखीचं वेगळं औषध शोधत बसू नका, पेनकिलरने तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण मूळ जागेवरच राहतं आणि रोज घेतल्या तर किडनीला महागात पडतं. खरं औषध लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे कमी पडलेलं थायरॉईडचं हार्मोन गोळीतून, आणि ते घ्यायच्या पद्धतीवर खूप काही अवलंबून असतं. सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत, नंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने, अ‍ॅसिडिटीचं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सकाळी जमतच नसेल तर रात्री शेवटच्या खाण्यानंतर तीन-चार तासांनी घेतली तरी चालते, पण डॉक्टरांना विचारून आणि मग रोज तशीच.

फरक कधी पडतो? इथे लोकांचा धीर सुटतो. हे औषध शरीरात हळूहळू साठतं, म्हणून टीएसएच परत तपासायचा तो सहा ते आठ आठवड्यांनी, त्याआधी डोस बदलून उपयोग नाही. आणि टीएसएच जागेवर आला तरी स्नायू मागून येतात, काही महिनेही लागू शकतात. रिपोर्ट नॉर्मल आला आणि अंग दुखतंयच म्हणून गोळी सोडणं हा सगळ्यात वाईट निर्णय. त्या काळात हलकं चालणं, हळूहळू वाढवत नेणं, गरम पाण्याने शेकणं एवढंच करा. एकदम जिम लावून जड वजनं उचलू नका.

बरेच महिने टीएसएच नीट असूनही खुर्चीची नोंद सुधारत नसेल तर मात्र सगळं थायरॉईडच्या डोक्यावर मारू नका. ड जीवनसत्त्व कमी असलं तरी मांड्यांत अशीच कमजोरी येते, बी१२, हिमोग्लोबिन आणि साखर बघायला हवी, आणि पन्नाशीनंतर खांदे-कुल्ले सकाळी तासभर आखडत असतील तर ईएसआर-सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट, करून बघायला सांगतात.

लघवी कोलासारखी गडद झाली, अंगातली ताकद एकाएकी गेली, छातीत दुखतंय, दम लागतोय, एकच पोटरी सुजून दुखतेय, किंवा माणूस थंडगार पडून गुंगीत जातोय, बोलण्यात गोंधळ होतोय, तर वाट न बघता त्याच वेळी हॉस्पिटल गाठा.

आणि अंगदुखी लवकर जावी म्हणून डोस स्वतःहून वाढवू नका. डोस जास्त झाला की छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, हाडं झिजतात आणि गंमत म्हणजे मांड्यांतली ताकद तेव्हाही जाते, मग दुखणं कमी डोसचं की जास्तीचं हे तुम्हाला ओळखता येत नाही. तेव्हा टीएसएच करायचा आणि डोस डॉक्टरांनाच ठरवू द्यायचा.